काकवीची पाई आणि झमकूचा डबा

बोरी बुद्रुक
सोमवार, ६ जानेवारी २०२५

झमकू,

पत्र बघून घाबरू नको, कुणी गेलं न्हाई. तुझे कान गेल्यापास्नं फोनवर मी इकडं वरडायचं, तू तिकडं "काय? काय?" करायचं, आन आमच्या घरातलं साऱ्या आळीला कळायचं. त्यापरीस शाळेत बाकाखालनं द्यायचो तशी चिठ्ठी बरी. गेणभाऊ टेम्पोत कांदा घिऊन मंचरला येतोय, त्याच्या हाती देते.

ऋषी येतोय. आठ फेब्रुवारीला, दहा दिवसांसाठी. संगं तिला आणतोय.

तुला समदं ठाव हाय, तरी लिहिते. पाच वर्षांमागं त्यानं अमेरिकेहून फोन करून सांगितलं, आई, मी रूथशी लगीन केलं. मी म्हणाले, केलंस ते केलंस, तिला माझ्या उंबऱ्याला आणू नको. एवढं बोलून फोन ठिवला. आमचे धर्माजी बोलत राहिले पोराशी. मी न्हाई बोलले.

ह्या दिवाळीला मीच फोन घेतला, तवा त्यानं आजवर न सांगितलेलं सांगितलं. रूथचे लोक आमिश, म्हंजे जुन्या रीतीचा ख्रिस्ती पंथ. पेन्सिल्व्हेनियात राहतात. घोडागाडीनं फिरायचं, घरात वीज घ्यायची न्हाई, शेती आन गाई. ऋषी तिच्या बापाच्या गोठ्यात डिझेलवर चालणारी दूध काढायची मशीन दुरुस्त कराया जायचा, तिथं वळख झाली. त्यांच्यात एकदा पंथाची शपथ घेतली आन मग कुणी सोडून गेलं, की त्याला वाळीत टाकतात. रूथनं शपथ घेतली व्हती. आता ती आईला भेटाया गेली की आई दार उघडती, बोलती, पर जेवाया येगळ्या टेबलावर बसवती. दोन टेबलांत चार बोटं फट ठेवतात आन वरनं एकच कापड टाकतात. आन तिच्या हातचं कुणी काय घेत न्हाई. पाणीसुदीक न्हाई.

तूच बघ, झमकू. तिकडं आईनं येगळं बसवलं आन इकडं मी तर दारच लावलं. पोरीनं जेवावं कुठं?

म्हणून ठरवलंय, ती आली की तिच्या आईच्या हातचा पदार्थ पहिला तिच्या ताटात घालायचा. तिची आई दर शनिवारी पाई करायची म्हणं. पाई म्हंजे उघड्या तोंडाची मोठी करंजी समज. ताटलीत मैद्याची पारी, तिच्यात काकवीचं सारण, वर मैदा, गूळ आन लोण्याचा चुरा, आन मग भाजायची. त्यांची काकवी काळी आन कडसर असती, पर आपल्या गुऱ्हाळाची चालंल म्हणाला ऋषी. मी कुकरात मीठ घालून भाजून बघितली. सोडा टाकल्याबरूबर काकवी अशी फसफसली की शेगडीवर आली. पारी एवढी चिवट झाली की धर्माजींनी दातातनं काढून बघितली. तरी खाल्ली बिचाऱ्यांनी.

तुझ्या सुनंकडं, रिंकूकडं ओव्हन हाय. मला त्यात ही भाजून दे. महिना राहिलाय आन माझं चित्त थाऱ्यावर न्हाई. उठते, फाटकापर्यंत जाते, परत येते. तिच्यापुढं कोणत्या तोंडानं उभी राहू, तेवढंच डोक्यात हाय.

तुझी
साळू

*

मंचर
शुक्रवार, १० जानेवारी २०२५

प्रिय साळू,

पत्र मिळालं. अक्षर अजून तसंच आहे तुझं, कोंबडीनं उकरल्यासारखं. दोनदा वाचलं, एकदा चष्मा लावून आणि एकदा रडून.

त्या वेळी तू फोनवर बोललीस ते चुकलंच. तेव्हाही मी तुला सांगितलं होतं आणि तू आठ महिने मंचरला फिरकली नव्हतीस. असो. आता वळलीस हे चांगलं झालं.

पारी चिवट होणारच. तू पोळीची कणीक मळल्यासारखी मळली असणार. ही मळायची नाही गं. आम्ही कचोरीला करतो तसं भरपूर मोहन घालायचं, बोटांच्या टोकांनी चोळायचं, मुठीत गोळा धरला की पुरे. थंड पाणी, तेही शिंपडल्यासारखं. लोणी मला चालत नाही, आम्हा जैनांत ते वर्ज्य, म्हणून तूप घे. या थंडीत ते दगडासारखं थिजतंय, आयतंच काम झालं.

आता मुद्द्याचं. रिंकू ऑर्डरचे केक करते ते सगळे बिनअंड्याचे. त्या ओव्हनमध्ये आजवर अंडं गेलेलं नाही आणि मी आहे तोवर जाणार नाही. रिंकूनं मोबाइलवर या पाईचे चार व्हिडिओ पाहिले आणि चारही जणी सारणात अंडं फोडतात. तुझ्या ऋषीनं सांगितलंय त्यात अंडं आहे का? नीट विचार आणि मला कळव.

धर्माजीभावोजींना म्हणावं, दात सांभाळा.

तुझी,
झमकू

*

बोरी बुद्रुक
बुधवार, १५ जानेवारी २०२५

झमकू,

ऋषीला इचारलं. तिची आई अंडं घालत न्हाई म्हणाला. तवा तू निर्धास्त राहा.

पारी तू म्हणालीस तशी केली आन काय सांगू, नुसतं बोट लावलं तर भुगा. पन्नास वर्षं कणीक मळतीया, हात मळाया धावतात. एका हातानं दुसऱ्या हाताला आवरलं.

डब्यात पारी थापून दिलीया, दुसऱ्या डब्यात चुरा हाय. सारण काचंच्या बाटलीत भरलंय, सांडंल म्हणून. बाटली हलवायची, ताटलीत ओतायची, वर चुरा टाकायचा आन भाजायचं. तुला काय कराया नको. बाटली गेणभाऊला मांडीवर धराया सांगितलीया.

संक्रांतीचा तिळगूळ पाकिटात हाय. तो दुकानातला हाय, माझ्या चुलीवरला न्हाई.

साळू

*

मंचर
शनिवार, १८ जानेवारी २०२५

साळू,

पाई भाजून पाठवली आहे. पंचेचाळीस मिनिटं लागली. जिनेशनं आल्या आल्या कडेचा तुकडा मोडून खाल्ला, त्याला फार आवडला.

तुझी बाटली धुऊन पाठवली आहे.

झमकू

*

बोरी बुद्रुक
मंगळवार, २१ जानेवारी २०२५

झमकू,

हे पत्र तीनदा लिहून फाडलं. आता जे हुईल ते हू दे.

मी तुझ्याशी खोटं बोलले. अंडं व्हतं. ऋषीनं पहिल्या दिवशीच सांगितलं व्हतं, सारणात एक अंडं. मला वाटलं, एक तर अंडं, फेटून बाटलीत गेल्यावर कुणाला कळतंय. आन तुला सांगितलं असतं तर तू न्हाई म्हणाली असतीस आन माझी पाई राहिली असती. मला त्या पोरीपलीकडं काय दिसत नव्हतं. तूही दिसली न्हाईस.

पाई चांगली झालीया. धर्माजींनी अर्धी संपवली. मी माझा तुकडा ताटात तसाच ठिवला. तू लिहिलंस जिनेशनं तुकडा खाल्ला, तवापास्नं मी घरात नुसती फिरतीया. ज्या नातवाला तू जन्मात कधी अंड्याचा वास लागू दिला न्हाई, त्याच्या तोंडात मी घातलं. तुझ्या ओव्हनात घातलं. आपण सात यत्ता एका बाकावर बसलो, माझा डबा तुला चालत न्हाई म्हणून तू तोंड फिरवून खायचीस, आन मी कधी राग धरला न्हाई. आन आता म्हातारपणी हे केलं.

माफ कर असं म्हणाया तोंड न्हाई. तुमच्यात काय प्राचित्त असंल ते मला सांग, मी करते. पाई आता नको. कुकरातली करीन.

साळू

*

मंचर
शुक्रवार, २४ जानेवारी २०२५

साळू,

मला माहीत होतं.

कान गेले तरी नाक शाबूत आहे माझं. बाटलीचं बूच काढलं आणि कळलं. गेणभाऊ अजून दारातच होता. त्याच्याकडून मागच्या नळावर बाटली ओतून, धुऊन घेतली. त्याला वाटलं म्हातारीचं डोकं फिरलंय. मग मी आणि रिंकूनं घरच्या पिठाची पारी थापली आणि दुसरं सारण केलं. आमच्याकडची काकवी, गरम पाणी, सोडा, दोन चमचे दही आणि आवळून यायला चमचाभर कॉर्नफ्लोअर. तुम्ही खाल्लीत ती ही. जिनेशनं खाल्ली तीही हीच. त्याचं मी मुद्दाम लिहिलं, तुझ्या पोटात ढवळावं म्हणून. ढवळलं ना? मग झालं.

राग मला आला, फार आला. अंड्याचा नाही आला, तुझं घर मला ठाऊक आहे. राग याचा की तू मला विचारलंच नाहीस. तू विचारलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं, ते खरं. पण अंड्याला म्हटलं असतं. पाईला नाही आणि तुला तर नाहीच नाही.

आता प्रायश्चित्त. नऊ तारखेला रविवारी मी पाई घेऊन स्वतः येणार आहे, रिंकू गाडी काढेल. त्या दिवशी सकाळपासून फाटकापर्यंत फेऱ्या मारायच्या नाहीत, एका जागी बसायचं. तुला यापेक्षा कठीण काही मला सुचलं नाही.

माझा डबा मी घेऊन येईन, नेहमीसारखा.

झमकू

*

मंचर
सोमवार, १० फेब्रुवारी २०२५

साळू,

काल सूर्य मावळायच्या आत घरी पोचले, पण जेवण गेलं नाही. म्हणून लगेच लिहितेय.

तुझी सून मला बघून पांढरी पडली. माझी पाई तिच्या ताटात वाढली, तिनं घासही घेतला नाही. काहीतरी बोलली, तुम्ही सगळे बोललात, मला कुणी काही सांगितलं नाही, आणि ती ताट सारून बाहेर निघून गेली. तू तिच्या मागे पळालीस. मी माझा डबा बंद केला आणि रिंकूला म्हटलं, चल.

अंडं नव्हतं म्हणून ना? तिला पहिल्या नजरेतच कळलं असणार की ही तिच्या आईची नाही. मी माझ्या नेमासाठी तुझं काम बिघडवलं. तू बाटली पाठवलीस तेव्हा डोळे मिटून भाजली असती तर पोरगी जेवली असती, असं काल गाडीत मनात आलं. मग मनात आलं याचीच लाज वाटली. दोन्हीकडून गेले मी.

ती तिथे आहे तोवर मी बोरीला येत नाही. तू वाईट वाटून घेऊ नको.

झमकू

*

बोरी बुद्रुक
बुधवार, १२ फेब्रुवारी २०२५

झमकू,

अगं बाई, तसं काय बी न्हाई. गेणभाऊनं परवा तुझी चिठ्ठी दिली, काल तो मंचरला गेला न्हाई, आन माझा जीव टांगणीला. आज त्याच्या दाराशी जाऊन बसलीया, तिथंच लिहितीया.

तू कुठं बसली व्हतीस ते आठव. आमी समदे रूथसाठी आणलेल्या नव्या टेबलावर. मधी पाई. आन तू दर वेळंसारखी खिडकीपाशी पाटावर, तुझा डबा, तुझी वाटी, तुझा तांब्या. पाईचा तुझा तुकडापण तू घरूनच येगळा काढून आणलेला. मला त्यात काय नवं? माझं लग्न झाल्यापास्नं तू आमच्याकडं तशीच बसतीस. मला ते दिसतसुदीक न्हाई.

पर तिला दिसलं. घरातली थोर बाई, पदार्थ तोच, आन बसली लांब. तिला वाटलं तू तिच्यामुळं लांब बसलीस. ती ऋषीला म्हणाली, "इथंपण?" तेवढंच म्हणाली आन उठली.

मी मागं गेले तर ही उसाच्या कडंनं भराभरा चाललेली. तोड चालू हाय, बिबट्या उघड्यावर आलेला, परवाच शेजाऱ्याची शेळी उचलली. मी हाका मारतीया, ती थांबंना. पायात चप्पल न्हाई माझ्या. शेवटी कॅनॉलच्या पुलावर बसली. मीपण बसले, दम खाल्ला. तवर ऋषी आला.

मी म्हणाले, सांग तिला. ती झमकू हाय. तिचा नेम हाय, आमच्या चुलीवर मटण-अंडं शिजतं, म्हणून आमच्या घरचं ती खात न्हाई. ती तुझ्यापास्नं लांब बसली न्हाई, माझ्या चुलीपास्नं लांब बसली. आन ही पाई तिनंच केलीया, तुझ्यासाठी, स्वतःच्या हातानं.

रूथनं पाण्याकडनं तोंड वळवलं. मग इचारलं, जेवत न्हाई तर मग ती येते कशाला?

मी म्हणाले, मला भेटाया.

ऋषीनं सांगितलं तर तिनं त्याला परत सांगाया लावलं. नीट ऐकलं का बघत व्हती.

मग मी म्हणाले, आन हेपण सांग. पाच वर्षं तुला मी लांब ठिवलं, ते कुठल्या नेमानं न्हाई ठिवलं, नुसत्या हट्टानं. चूक माझी हाय. ऋषीनं समदं सांगितलं. तिनं माझ्या पायाकडं बघितलं, उसाची धसकाटं लागून रगत आलं व्हतं, आन तिचा रुमाल काढून बांधला.

घरी येऊन तिनं पाई खाल्ली. आईची खाली जास्त वली असती म्हणाली. पर दोन तुकडे खाल्ले.

तवापास्नं मी तिला लई जपतीया. एका कपाला हात लावू देत न्हाई. उठली की म्हणते, बस बाई, बस. ती बसती, पर मधनंमधनं गप होती, का ते मला उमजंना. अठराला जाणार. तू ये. तिला तुला भेटायचंय.

साळू

*

मंचर
शुक्रवार, १४ फेब्रुवारी २०२५

साळू,

पत्र रिंकूला मोठ्यानं वाचायला सांगितलं, मला ऐकू येत नाही तरी. मग तिच्या तोंडाकडे बघत बसले.

मी येत नाही, तुम्ही या. रविवारी तीन वाजता, सगळे. माझ्या घरात खिडकीपाशी कुणी बसत नाही. पाट लावू, एका ओळीत.

आणि पाई तिनं करायची, आमच्या स्वयंपाकघरात. अंडं नाही, लोणी नाही, बाकी तिच्या आईची रीत ती जशी सांगेल तशी. खाली ओली ठेवायची असेल तर ओली ठेव म्हणावं. मी मध्ये बोलणार नाही असं रिंकूला सांगितलंय, तिचा विश्वास बसलेला नाही.

तिच्या हातचं मी खाणार आहे. पीठ माझं, चूल माझी, भांडी माझी, हात तिचा. माझ्या नेमात बसत नाही असं यात काही नाही, मी चारदा विचार करून बघितला.

तू मात्र घरून काही करून आणू नको, बाटली तर मुळीच नको.

झमकू

*

बोरी बुद्रुक
बुधवार, १९ फेब्रुवारी २०२५

झमकू,

काल गेले दोघं. धर्माजी सकाळपास्नं गोठ्यात हायत, काम न्हाई तरी. घर गप हाय. टेबलावर मला एकटीला बसवंना, खाली बसूनच लिहितीया.

रविवारी तुझ्या घरी जे झालं ते तू बघितलंस, पर ऐकलं न्हाईस, म्हणून सांगते. तिनं ताटलीतनं पहिला तुकडा काढला आन हातावर घिऊन उभी राहिली. कुणाला द्यावा तिला कळंना. तू हात पुढं केलास, तिच्या तळव्यावरनं उचललास, खाल्लास, आन म्हणालीस, गोड जास्त झालीय, अजून दे. तुला वाटलं तू हळू बोललीस. झमकू, बाजारापर्यंत ऐकू गेलं असंल.

तिनं ऋषीला इचारलं, काय म्हणाली? त्यानं सांगितलं. ती हसली. तू ते हसू बघितलंस. मग तिनं तोंड फिरवून ऋषीला कायतरी सांगितलं, तेपण तू बघितलंस आन मला खुणावून इचारलंस. मी नंतर सांगते म्हणाले, कारण मलाच ठाव नव्हतं. तो सांगाया तयार नव्हता. गाडीत खोडद गाव येईपर्यंत मी त्याचा पिच्छा पुरवला तवा बोलला.

ती म्हणाली व्हती, ह्या आजीनं माझ्या हातचं खाल्लं. तुझ्या आईनं अजून न्हाई खाल्लं.

आठ दिवस, झमकू. मला वाटत व्हतं मी पोरीला राणीगत ठिवलंय. कपाला हात लावू दिला न्हाई, पोळी लाटू दिली न्हाई, पाण्याचा तांब्या तिनं उचलला की मी हातातनं काढून घ्यायची. माया म्हणूनच काढून घ्यायची. आन ती रोज बघत व्हती की सासू आपल्या हातचं काय घेत न्हाई. तिच्या आईच्या घरीपण अशीच मायाळू बोलणी व्हत असतील. माझ्या हे ध्यानातच आलं न्हाई. आन तू एका तुकड्यात काम केलंस.

सोमवारी सकाळी ऋषी निजलेला व्हता. ती आली आन नेहमीसारखी दारात उभी राहिली. मी गॅसपुढनं बाजूला झाले, खाली बसले आन म्हणाले, रूथ, चहा ठेव. मराठीतच म्हणाले. तिला कळलं. तिनं साखरंचा डबा शोधाया चार डबे उघडले, मिठाचापण उघडला. मी दोन्ही हात मांडीखाली घालून बसले, उठायचं न्हाई म्हणून.

चहा पाणचट झाला व्हता. आलं न्हाई, दूध वर आलं तवा तिनं घाबरून गॅस बंद केला. मी समदा प्याले, कप पुढं केला आन म्हणाले, अजून दे.

तुझी
साळू